भंगारातून आकाशात: लिबरेटर विमानाकडून गॅरेज आणि वर्कशॉपवाल्यांनी शिकायचे सहा धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुनी मशिनरी आणि जुन्या गाड्या दुरुस्त करण्याच्या धंद्याबद्दल बोललो. वेळ कमी होता, म्हणून त्यातली विमानाची गोष्ट थोडक्यात सांगून पुढं गेलो. इथं ती सविस्तर देतोय, कारण या एका गोष्टीत कोटेशन, माणसं, पार्ट, वेळ आणि तपासणी असे आपले सगळे विषय येतात.

पुणे-सातारा हायवेच्या कडेला, वरवे बुद्रुक, नसरापूर, कापूरहोळ या पट्ट्यात ज्यांची गॅरेज, फॅब्रिकेशन किंवा लेथची कामं आहेत, त्यांनी हा धडा जरा सावकाश वाचा. हल्ली एक नवीन गिऱ्हाईक येतंय. त्याच्याकडे आजोबांची जीप असते, वडिलांची जुनी बुलेट असते, शेतावरचं जुनं किर्लोस्कर इंजिन असतं. तो म्हणतो, "मिस्त्री, ही पहिल्यासारखी करून द्या."

"पहिल्यासारखी" या एका शब्दात तुमचा नफाही आहे आणि तुमचा तोटाही. कसा, ते बघूया.

आधी गोष्ट: एकाच विमानाचे दोन पुनर्जन्म

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं बी-२४ लिबरेटर नावाचं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान बनवलं. पंखांचा पसारा ११० फूट. प्रत्येक इंजिन चौदा सिलिंडरचं, १,२०० अश्वशक्तीचं. अशी १८ हजारांहून जास्त विमानं बनली. फोर्ड मोटर कंपनीच्या विलो रन कारखान्यात तर ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडायचं.

युद्ध संपलं. ब्रिटिश हवाई दलाकडची लिबरेटर विमानं कानपूरला एका मोठ्या मैदानात आणून उभी केली गेली. ती अमेरिकेकडून युद्धकाळातल्या उसनवारीच्या करारावर आलेली होती. पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून बऱ्याच विमानांची मुद्दाम मोडतोड केली होती. म्हणजे नुसतं भंगार नाही, ठरवून केलेलं भंगार.

स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाला लांब पल्ल्याची जड विमानं हवी होती आणि नवीन घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा हे काम बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीकडे आलं. आज आपण जिला एचएएल म्हणतो, तिचीच ही सुरुवात. ही कंपनी १९४० साली उभी केली ती आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साथीनं. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, तेच हे वालचंद.

आता इथं लक्ष द्या. हे काम यांना जमेल असं का वाटलं? कारण युद्धाच्या काळात याच कारखान्यात अमेरिकन हवाई दलाची विमानं दुरुस्तीला यायची. कामगारांच्या हाताला ते काम माहीत होतं. हातातलं कौशल्य हेच भांडवल.

त्यांनी केलं काय? पहिल्या टप्प्यात कानपूरला त्या विमानाची फक्त एवढीच दुरुस्ती करायची, की ते एकदा उडून बंगळूरला पोचेल. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती विमानं एकेक करून घेऊन गेले. दुसऱ्या टप्प्यात बंगळूरला, कारखान्याच्या छताखाली, सगळं उघडून पूर्ण ओव्हरहॉल. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. १९४८ च्या नोव्हेंबरात ५ नंबरचं स्क्वाड्रन लिबरेटर घेऊन उभं राहिलं, आणि पुढं हे स्क्वाड्रन पुण्याला आलं. १९५१ साली ६ नंबरचं स्क्वाड्रनही पुण्यातच याच विमानांवर नव्यानं उभं राहिलं. म्हणजे एकेकाळी लोहगावच्या धावपट्टीवरून ही चार इंजिनांची विमानं उडत होती. १९६८ पर्यंत भारतानं ती वापरली. बाकी जगात बहुतेक लिबरेटर तोवर वितळून भांडी आणि पत्रे झाली होती.

हा झाला पहिला पुनर्जन्म. हेतू एकच: विमान कामाला लागलं पाहिजे.

आता दुसरा. १९६८ नंतर जगाच्या लक्षात आलं, की अखंड लिबरेटर बघायची असेल तर भारतात जावं लागेल. मग कॅनडाच्या संग्रहालयानं एक नेलं आणि बदल्यात लायसँडर नावाचं जुनं विमान दिलं. ते आज दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. एक अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात गेलं. एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला मिळालं. आणि एक, भारतात बरीच वर्षं पडून राहिलेलं, आधी ब्रिटनमधल्या एका संग्राहकाकडे गेलं आणि १९८४ साली तिथून अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं घेतलं.

फाउंडेशनचा पहिला विचार साधा होता. रंगरंगोटी करून शेडमध्ये उभं करायचं, लोकांनी बघायचं. पण युद्धात या विमानातून उडालेले म्हातारे सैनिक म्हणाले, उभं विमान काय बघायचं, उडवा. आणि काम बदललं. स्वयंसेवक आणि पगारी कारागीर अशा दोघांनी मिळून मॅसॅच्युसेट्समधल्या स्टो गावी आणि फ्लोरिडातल्या एका वर्कशॉपमध्ये ते उघडलं, पत्रा बदलला, रिव्हेट बदलले, नळ्या-वायरी नव्यानं टाकल्या. फाउंडेशनच्या हिशोबाप्रमाणे सुमारे ९७,००० तास लागले. सप्टेंबर १९८९ मध्ये ते उडालं.

दुसऱ्या पुनर्जन्माचा हेतू वेगळा: विमान जसं होतं तसं दिसलं आणि चाललं पाहिजे.

विमान एकाच जातीचं. पण पहिल्या कामात "चालतं करणं" होतं, दुसऱ्यात "मूळ रूपात आणणं". ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हीचा वेळ वेगळा, भाव वेगळा, माणसं वेगळी. आपले मिस्त्री फसतात ते इथंच. भाव पहिल्या कामाचा सांगतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या कामाची अपेक्षा धरून बसतं.

चला, आता धडे.

धडा १: "पहिल्यासारखी" म्हणजे कुठल्या वर्षासारखी?

त्या फाउंडेशनच्या विमानाकडे परत बघा. ते अमेरिकेत बनलं, ब्रिटिशांनी वापरलं, मग भारतानं वापरलं. मूळ रूपात आणायचं म्हणजे कोणाच्या रूपात? त्यांनी ते अमेरिकन रंगात रंगवलं. आणि वर्षांच्या अंतरानं नावही बदललं. २००५ पासून त्यावर "विचक्राफ्ट" हे नाव आहे. खरं "विचक्राफ्ट" हे दुसरंच विमान. त्यानं युद्धात १३० मोहिमा केल्या होत्या. म्हणजे पत्रा भारतानं सांभाळलेला आणि नाव दुसऱ्याचं!

यात फसवणूक आहे का? नाही. कारण ते उघड सांगतात, की हा मान म्हणून दिलेला रंग आहे. आपल्या हवाई दलाचं "परशुराम" हे डाकोटा विमान आठवा. भंगारात निघालेलं, ब्रिटनमध्ये पुन्हा उभं केलेलं, खासदार राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिलेलं आणि २०१८ साली दाखल झालेलं. त्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटाच्या स्मरणार्थ दिला आहे. तेही उघड सांगितलेलं आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ: गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी विचारा, "साहेब, ही जीप कंपनीतून निघाली तशी हवी, की तुमच्या आजोबांनी जशी वापरली तशी हवी?" आजोबांनी कदाचित हूड बदललेला असेल, रंग बदललेला असेल, मागं बाकडं बसवलेलं असेल. त्या बाकड्यावरच नातवाची आठवण असते. तुम्ही "ओरिजिनल" करायच्या नादात ते भंगारात टाकलं, तर काम कितीही सुंदर होऊ द्या, माणूस नाराज होणार.

जॉब कार्डवर एक ओळ लिहा: "ही गाडी अमुक सालच्या स्थितीत आणायची आहे." खाली गिऱ्हाइकाची सही घ्या.

धडा २: पाना लावायच्या आधी पुरावा

जुन्या विमानावर काम करणारे स्वयंसेवक निम्मा वेळ कागदात घालवतात. मूळ मॅन्युअल, कारखान्याची ड्रॉइंग, जुने फोटो, भागांवर ठोकलेले नंबर. कुठली वायर कुठून गेली होती, आतल्या बाजूला कुठला रंग होता, हे अंदाजानं ठरवत नाहीत. खरवडताना जुन्या रंगाचे थर एकेक करून बघतात. खालून तिसरा थर हा मूळ रंग निघू शकतो.

आपल्याकडे याला खर्च काही नाही. खिशात मोबाइल आहेच. चार सवयी लावून घ्या:

- उघडण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी, आतून, खालून फोटो.
- प्रत्येक भाग काढताना एक फोटो, काढल्यावर एक. बाजूला खडूनं नंबर.
- नट-बोल्ट एकाच डबड्यात टाकायचे नाहीत. भागाप्रमाणे पिशवी, पिशवीवर चिठ्ठी.
- चेसिस नंबर, इंजिन नंबर, कंपनीची पट्टी जशी आहे तशी ठेवायची. घासायची नाही, रंगवायची नाही.

हे फोटो नुसते आठवणीसाठी नाहीत. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक म्हणालं "माझ्या गाडीला तर पितळी कडी होती", तर तुमच्याकडे उत्तर हवं.

यात कायद्याचाही भाग आहे. केंद्र सरकारनं २०२१ साली विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या दुचाकी-चारचाकी त्यात येतात. मूळ रूपात असल्या पाहिजेत, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. नंबरात "व्हीए" अशी अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची. नियम आले तेव्हा नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये ठरवली होती. अशी गाडी रोजच्या वाहतुकीला किंवा भाड्यानं वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. म्हणजे तुम्ही हौसेनं दुसरं इंजिन बसवलंत, तर गिऱ्हाइकाची ही वाट बंद होऊ शकते. काम घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन सध्याचा नियम बघा आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगा. बहुतेकांना हे माहीतच नसतं. जो सांगतो, त्याच्यावर विश्वास बसतो.

धडा ३: भागाचे तीन प्रकार, तीन भाव

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ वेरीबी नावाचं गाव आहे. तिथं स्वयंसेवकांची एक संस्था १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एकच लिबरेटर उभं करतेय. बहुतेक माणसं निवृत्त. विमानाचा सांगाडा एका शेतकऱ्याच्या आवारात अनेक दशकं पडून होता. पंखच नव्हते. ते पापुआ न्यू गिनीत पडलेल्या दुसऱ्या एका लिबरेटरचे आणले. बाकीचं जे मिळालं ते जोडलं, जे मिळालं नाही ते घडवलं.

अशा कामात प्रत्येक भागाची जात लिहिलेली असते. तुम्हीही तीन रंगांच्या चिठ्ठ्या ठेवा:

- हिरवी: या गाडीचाच मूळ भाग, दुरुस्त करून बसवलेला.
- पिवळी: त्याच मॉडेलचा मूळ भाग, पण दुसऱ्या गाडीवरचा.
- लाल: नवीन बनवलेला. लेथवर केलेला, पत्र्यातून ठोकलेला, किंवा बाजारातून आणलेला नकली-पण-चालणारा.

गंमत अशी, की हिरवा भाग नेहमी स्वस्त नसतो. जुना मडगार्ड सरळ करायला दोन दिवस जातात आणि नवा पत्रा ठोकायला एक. गिऱ्हाइकाला वाटतं, जुनाच बसवला मग पैसे कसले? म्हणून आधीच सांगायचं: "साहेब, जुना वाचवायला हजार जास्त लागतील. वाचवू का?" निर्णय त्याचा. काढलेले जुने भाग पोत्यात भरून परत द्यायचे. विकायचे नाहीत. दहा किलो लोखंडाचे पैसे मिळवायला जाल आणि नाव घालवाल.

धडा ४: फुकट काम करणारा माणूस कशासाठी येतो?

स्वयंसेवक म्हटलं की आपल्याला वाटतं, फुकट माणूस मिळाला. पण गणपती मंडळात ज्यांनी काम केलंय त्यांना विचारा. वर्गणी गोळा करायला वीसजण, मांडव घालायला आठजण, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव काढायला किती? तीन!

जुन्या विमानावर रविवारी येणारा माणूस तीन गोष्टींसाठी येतो. एक, हाताला आवडीचं काम. दोन, सोबतीला चार जाणती माणसं. तीन, आपण लावलेला रिव्हेट दिसतो याचं समाधान. या तिन्हींपैकी एक जरी गेली, की तो येणं बंद करतो. रोज फक्त झाडू मारायला सांगितलात तर कोण टिकणार?

म्हणून चांगल्या संस्था काय करतात? कामाचे छोटे तुकडे पाडतात. "पंख दुरुस्त करा" असं कोणी सांगत नाही. "ही एक झडप, हे तिचं ड्रॉइंग, हे साहित्य, झाल्यावर यांना दाखवा" असं काम दिलं जातं. नवा माणूस जुन्याच्या हाताखाली बसतो. जे काम चुकलं तर जीव जाईल, ते हौशी माणसाला एकट्याला देत नाहीत.

आपल्या राजगड-तोरण्याच्या मुलखात हे नवीन नाही. गडावर टाक्यातला गाळ काढायला, ढासळलेले दगड उचलायला पोरं रविवारी स्वतःच्या पैशानं येतात. तिथंही नियम हाच: पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दगड हलवायचा नाही, आणि गडाला जो चुना होता तिथं सिमेंट थापायचं नाही. उत्साह हवाच, पण मूळ काय होतं हे माहीत असणारा माणूस शेजारी उभा हवा.

तुमच्या गॅरेजला स्वयंसेवक नसतील, पण शिकाऊ पोरगा असतो. आयटीआयमधून आलेला असतो. त्याला वर्षभर फक्त पंक्चर आणि चहा दिलात, तर तो पुण्याला जाणारच. त्याला एक डायनॅमो पूर्ण उघडायला द्या, ड्रॉइंग काढायला लावा, बसवून घ्या. आणि गाडी देताना गिऱ्हाइकासमोर सांगा, "डायनॅमो यानं केलाय." पगार वाढवण्याइतकंच हे वाक्य माणूस टिकवतं. (पगारही वाढवा!)

धडा ५: ९७,००० तास म्हणजे नक्की किती?

आकडा मोठा वाटतो, पण डोक्यात बसत नाही. आपण मांडूया.

एक कारागीर रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस काम करतो. म्हणजे वर्षाला २,४०० तास. ९७,००० भागिले २,४०० केलं तर साधारण ४० वर्षं. एका माणसाचं अख्खं कामाचं आयुष्य, एका विमानात!

आता स्वयंसेवकाचा हिशोब. रविवारी ६ तास, वर्षाला ५० रविवार. म्हणजे ३०० तास. या वेगानं ३२३ माणसांना एक वर्ष लागेल. म्हणूनच ज्यांना उडवायचं होतं त्यांनी पगारी कारागीर लावले. आणि जिथं मुख्यतः स्वयंसेवक आहेत, त्या वेरीबीला तीन दशकांहून जास्त काळ काम चालू आहे. दोन्ही बरोबर. फक्त आधी ठरवलेलं हवं.

आता आपली जीप घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

- मेकॅनिकल काम २६० तास, तासाला २५० रुपये: ६५,०००
- डेंटिंग-पेंटिंग १८० तास, तासाला २५०: ४५,०००
- पार्ट आणि साहित्य: १,४०,०००
- पार्ट शोधायची धावपळ, गाडीभाडं, फोन: १५,०००
- बेरीज: २,६५,०००

बहुतेक मिस्त्री यावर थोडं चढवून भाव सांगतात आणि इथंच थांबतात. पण जुन्या वस्तूत उघडल्याशिवाय दिसत नाही असं काहीतरी असतंच. रंगाखाली गंज, गंजाखाली भोक, भोकाखाली कुणीतरी वीस वर्षांपूर्वी मारलेलं वेल्डिंग! त्यासाठी २० टक्के धरा: ५३,०००. झाले ३,१८,०००. त्यावर २५ टक्के नफा: ७९,५००. भाव झाला ३,९७,५००.

"एवढं ऐकून गिऱ्हाईक पळेल ना!" पळेल, जर एकदम सांगितलं तर. म्हणून कानपूर-बंगळूरची युक्ती वापरा. ती दोन टप्प्यांची होती ना? आधी फक्त उडून पोचण्यापुरतं काम, मग छताखाली उघडून खरं काम. तुम्हीही पहिल्या टप्प्यात फक्त "उघडून बघण्याचे" पैसे घ्या, समजा १५,०००. फोटोसकट यादी करून द्या. मग पुढचं कोटेशन. पटलं तर हे पंधरा हजार एकूण रकमेत वळते करा. नाही पटलं, तर तुमची मजुरी बुडाली नाही आणि त्याच्या हातात गाडीचा खरा अहवाल आला. पुढचे पैसे टप्प्याटप्प्यानं, काम दाखवून.

तीन पर्याय लिहून दिलेत तर अजून बरं: चालती करणं, दिसायला मूळ करणं, संपूर्ण मूळ करणं. तीन ओळी, तीन भाव. गिऱ्हाईक स्वतःच निवडतं आणि मग "पहिल्यासारखी" या शब्दावरून भांडण होत नाही.

धडा ६: करणारा आणि तपासणारा एक नको

आता शेवटचा धडा. हा मी सगळ्यात शेवटी ठेवला, कारण हा वाचून पुढं जायचं नाही, थांबायचं.

ज्या फाउंडेशननं लिबरेटरवर ९७,००० तास घालवले, त्यांच्याकडेच बी-१७ जातीचं दुसरं जुनं बॉम्बफेकी विमान होतं. नाव "नाइन-ओ-नाइन". लोक पैसे देऊन त्यातून छोटी फेरी मारायचे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या ब्रॅडली विमानतळावरून ते १३ माणसं घेऊन उडालं. थोड्याच वेळात इंजिनानं दगा दिला. परत उतरताना अपघात झाला आणि सातजण गेले.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं चौकशी केली. इंजिनाची ताकद गेल्यावर वैमानिकाला विमान नीट सांभाळता आलं नाही, हे मुख्य कारण. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत त्यांनी काय लिहिलं? दौऱ्यावर असताना विमानाची देखभाल अपुरी झाली. आणि देखभालीचा प्रमुख कोण? तोच वैमानिक. संस्थेची सुरक्षेची व्यवस्था नावापुरती ठरली, आणि सरकारी खात्याची देखरेखही कमी पडली असं मंडळानं नोंदवलं. मार्च २०२० मध्ये सरकारनं फाउंडेशनची प्रवासी फेऱ्यांची परवानगी काढून घेतली.

यातला वैमानिक काही नवशिका नव्हता. त्या विमानावर त्याचे हजारो तास होते. पण ज्याचं प्रेम जास्त, ज्याचा अनुभव जास्त, त्याच्याकडेच चालवणं, दुरुस्ती आणि तपासणी असं सगळं येऊन पडतं. मग "मला माहितीये, चालेल" म्हणणाऱ्याला थांबवणारं कोणी उरत नाही.

आपल्या गॅरेजमध्ये हेच होतं. सगळ्यात हुशार मिस्त्री ब्रेक करतो, तोच ट्रायल मारतो, तोच "ओके" म्हणतो. खंबाटकीचा घाट आपल्यापासून किती लांब आहे? तुमच्याकडून निघालेली जीप दुसऱ्या दिवशी कुटुंबाला घेऊन तिथं असणार आहे.

म्हणून नियम करा:

- ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन आणि वायरिंग: ज्यानं काम केलं त्यानं तपासायचं नाही. दुसऱ्यानं तपासून सही करायची.
- दुकानात तुम्ही एकटेच असाल, तर शेजारच्या गॅरेजवाल्याला बोलवा. त्याच्या कामाला तुम्ही जा. शंभर रुपये आणि एक चहा, एवढाच खर्च.
- "मूळ रूप" हे दिसण्यात आणि रचनेत ठेवा. ब्रेकचा होस, रबरी सील, वायर, टायर या गोष्टी नव्याच हव्यात. पन्नास वर्षांपूर्वीचं रबर कितीही ओरिजिनल असलं तरी ते रबर राहिलेलं नसतं.
- देताना लिहून द्या: ही गाडी किती वेगानं, कशी चालवायची, आणि पुन्हा कधी दाखवायची.

जुन्या वस्तूचं काम डिलिव्हरीच्या दिवशी संपत नाही. गोव्यात दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय बघितलंय का? तिथं बरीच विमानं उघड्यावर उभी आहेत. समुद्राचा वारा आणि कोकणपट्टीचा पाऊस, म्हणजे पत्र्याला दरवर्षी परीक्षा. आपल्या भोर-वेल्ह्यातही पाऊस काही कमी नाही. म्हणून गिऱ्हाइकाला वर्षाचा देखभालीचा करार द्या. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. तुम्हाला ठरलेलं उत्पन्न, त्याला निर्धास्तपणा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या दुकानात सध्या पडून असलेलं एक जुनं काम निवडा. त्यावर एक ओळ लिहा: हे "चालतं करायचं" काम आहे की "मूळ रूपात आणायचं"? गिऱ्हाइकाला फोन करून त्याचं उत्तर विचारा. दोन्ही उत्तरं जुळतात का बघा.

२. त्याच कामाचा तासांचा हिशोब काढा. आत्तापर्यंत किती तास गेले, तासाला किती पडले? आकडा बघून वाईट वाटलं तरी लिहून ठेवा.

३. हिरव्या, पिवळ्या, लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणा. पन्नास रुपयांचं काम आहे.

४. तुमच्या कामाची तपासणी करणारा माणूस आजच ठरवा. नाव लिहा, भिंतीवर लावा.

पुढच्या भागात आपण जुन्या गाड्यांचे पार्ट कुठून मिळवायचे, भंगार बाजारात भाव कसा करायचा आणि लेथवाल्याला ड्रॉइंग कसं द्यायचं, ते बघणार आहोत. गृहपाठातला दुसरा प्रश्न सोडवून बसा, कारण पुढचा हिशोब त्याच आकड्यावरून सुरू होईल.

भेटूया. काम नीट करा, सही दुसऱ्याची घ्या!